पिंगळीकर काकांचं सेलखातं

खोली भाड्याने मागायला गेलो तेव्हा पिंगळीकर काकांनी मला माझं नाव, गाव, कुळ यातलं काहीच आधी विचारलं नाही. माझ्या पिशवीतून वडिलांची जुनी बॅटरी डोकावत होती. शेतात रात्री पाणी द्यायला जाताना ते ती वापरायचे आणि मी परभणीला कॉलेजात शिकायला निघालो तेव्हा त्यांनी ती माझ्याबरोबर दिली होती. काकांची नजर तिच्यावर गेली.

"आत सेल कोनते हायेत? कधी घातले?"

मला सांगता येईना. काकांनी बॅटरी हातात घेतली, मागचं झाकण फिरवलं आणि दोन्ही सेल तळहातावर ओतले. मग सदऱ्याच्या खिशातून एक बारका बल्ब काढला. त्याला दोन तारा जोडलेल्या होत्या. त्या त्यांनी आळीपाळीने दोन्ही सेलांना टेकवल्या आणि एक डोळा मिटून बल्बाकडे पाहिलं, जसा वैद्य जीभ पाहतो.

"ह्यो तरना हाय. ह्यो मात्र पार दमलाय. दोघांना एका कामावर कोन ठेवलं? तरन्याची सगळी ताकद ह्या म्हाताऱ्याला ओढन्यात जायलीय."

मला वाटलं, खोली गेली.

त्यांनी कपाटातून दुसरा एक सेल आणला, बल्ब लावून पाहिला, माझ्या तरण्या सेलाशेजारी घातला आणि बॅटरी पेटवून दाखवली. उजेड पूर्वीपेक्षा बराच पांढरा पडला. माझा दमलेला सेल त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतला. "ह्याचा तबादला करतो रेडिओवर. तिथं काम हलकं हाय. अजून लय दिवस काढंल बिचारा."

मग आत तोंड करून त्यांनी मोठ्या आवाजात काकूंना सांगितलं, "पोरगा चांगला दिसतोय! फक्त सेलाला कोनी वाली नव्हता!"

अशी मला खोली मिळाली. मी सोनपेठकडचा, म्हणून त्या दिवसापासून काका मला 'सोनपेठकर' म्हणू लागले. माणसाला त्याच्या ठिकाणावरून ओळखायची त्यांना सवय होती आणि माझ्यासारख्या पोरालाही ते 'तुमी'च म्हणायचे.

काका पाटबंधारे खात्यात आस्थापनेचे कारकून होते. आस्थापना म्हणजे कोणाची नेमणूक कुठे, कोणाची बदली कुठे, कोण रजेवर, कोण निवृत्त, याचं काम. नोकरीला लागले तेव्हा दफ्तरातले जुने लोक उर्दूत लिहिणारे होते. ते शब्द काकांच्या जिभेवर कायमचे बसले. बदलीला ते तबादला म्हणत, पेन्शनला वजीफा आणि नोकरदाराला मुलाजिम. नोकरीची बरीच वर्षं येलदरीच्या धरणावर गेली. निवृत्त होऊन ते परभणीला स्वतःच्या या छोट्या घरात आले, पण हातातलं काम सुटेना. माणसं राहिली नाहीत म्हणून त्यांनी सेलांच्या बदल्या सुरू केल्या.

त्यांचं म्हणणं साधं होतं. बॅटरीला एकदम जोर लावणारा सेल पाहिजे. तिथे तो थकला की तो मेला असं लोक समजतात आणि उकिरड्यावर फेकतात. पण रेडिओला तेवढा जोर लागत नाही, तिथे तो आणखी काही दिवस चालतो. पेन्सिल सेलांचंही तसंच. सगळीकडून थकून आलेला पेन्सिल सेल भिंतीवरच्या घड्याळात घातला, तर काटा हलवण्यापुरता जीव त्यात महिनोन्‌महिने असतो.

"सोनपेठकर, कामाचा न्हाई असा मुलाजिम मी नोकरीत पाह्यला न्हाई. जागा चुकीची असती."

ज्यांच्यात घड्याळापुरताही जीव उरला नाही असे सेल अंगणातल्या तुळशीच्या कट्ट्यावर उन्हात ओळीने मांडलेले असत. ती त्यांची आजारपणाची रजा. उन्हात तापून एखादा थोडा शुद्धीवर आलाच, तर काका त्याला उचलून आत नेत आणि जाहीर करत, "रुजू झाला!"

चुकीची नेमणूक मात्र त्यांना सहन होत नसे. शेजारच्या पाटील गुरुजींच्या घरी एकदा आम्ही दोघं सत्यनारायणाच्या प्रसादाला गेलो होतो. गुरुजींनी नवं घड्याळ घेतलं होतं आणि त्यात कोरा करकरीत सेल घातला होता, हे बोलता बोलता ते सांगून गेले. काकांचा हात प्रसादाच्या द्रोणातच थांबला.

"नवा सेल? घड्याळात?"

"हो. का बरं?"

"गुरुजी, तुमी पैलवानाला पानपट्टीवर बसवलाव!"

आणि कोणी काही म्हणायच्या आत काका स्टुलावर चढले, घड्याळ उतरवलं, सेल काढला आणि खिशातून एक म्हातारा सेल काढून त्याच्या जागी घातला. तेवढ्यात गुरुजींची सून आतून आली. तिने पाहिलं ते एवढंच, की सत्यनारायणाला आलेला एक म्हातारा स्टुलावर उभा राहून घड्याळाचा सेल खिशात टाकतो आहे. पुढे बराच वेळ समजूत घालावी लागली. काकांना तो सेल स्वतःला नको होता. गुरुजींच्या नातवाच्या आगगाडीला द्यायचा होता. पण ते शेवटपर्यंत कोणी नीट ऐकून घेतलं नाही.

या सेलखात्यात सगळ्यात वरची जागा एकच होती. काकूंचा कान.

काकूंना जवळजवळ काहीच ऐकू येत नसे. त्यांच्याकडे कानाचं यंत्र होतं. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी पेटी, तिच्यातून निघालेली वायर आणि कानात बसणारं बोंड. काकूंनी पेटीसाठी एक कापडी पिशवी शिवली होती, ती गळ्यात असायची. त्या पेटीत एक पेन्सिल सेल लागे. बाजारातून नवा सेल आणला की तो आधी काकूंच्या कानाला, मग इतर सगळ्यांना. आवाज जरा बारीक येतो असं काकू म्हणाल्या, की तो सेल त्याच दिवशी घड्याळात जाई आणि कानाला दुसरा नवा.

रोज संध्याकाळी काका ओसरीवर बसून काकूंशी बोलायचे. यंत्र असलं तरी मोठ्याने बोलावं लागे, म्हणून मला खोलीत सगळं ऐकू यायचं. बोलणं काहीही असायचं. बाजारात मेथी कशी दिली, येलदरीला क्वार्टरमागे साप निघाला होता तो कोणत्या जातीचा, पिंगळीच्या स्टेशनवर गाडी किती वेळ थांबली. काकू मध्ये मध्ये "बरं" म्हणायच्या, कधी "हे तुमी काल सांगितलाव" म्हणायच्या. काका तरी पुन्हा सांगायचे. मला वाटायचं, हा माणूस जन्माचाच बडबड्या आहे.

मग एक दिवस येलदरीचे जुने ड्रायव्हर गफूरभाई भेटायला आले. काका आत चहाचं सांगायला गेले. आतून त्यांचा आवाज येत होता आणि गफूरभाई कान देऊन बसले होते.

"ये पिंगळीकर साब बोल रहे?" त्यांनी मला विचारलं.

"हो. का?"

"अरे बाबा, दफ्तर में तो हम इनकू गूंगे साब बोलते थे! कागज लिखते, दस्तखत करते, बात नक्को." ते हसले आणि मग हळू आवाजात म्हणाले, "मगर आदमी सोना. मेरी घरवाली कू दमा था. मैं बोला बी नै था, किसी से सुन लिए. एक दिन कागज हात में दिए, तबादला परभणी. अस्पताल के बाजू में."

गफूरभाई गेल्यावर मी काकूंना भीत भीत विचारलं. म्हणजे पिशवीतल्या पेटीजवळ तोंड नेऊन विचारलं, की काका पूर्वी खरंच बोलत नव्हते का.

काकू शेंगा फोडत होत्या. "बोलनार कसं? येलदरीला दोन खोल्या. सासूबाई संगं. सासूसमोर नवऱ्यानं बायकोशी बोलायची पद्धतच नव्हती. पानी पाहिजे असलं तर भिंतीकडं बघून म्हनायचे, 'पानी पाहिजे.' भिंत काही उठून पानी देत नसती. मग मी द्यायची." त्या हसल्या. "कान माझे तिथंच वाहायला लागले होते. सासूबाई गेल्या, ह्यांना वजीफा लागला, घरात दोघंच राह्यलो, आन् तवर माझे कान पार गेले. आता बोलायलेत बिचारे. सगळं साठलेलं."

त्यानंतर मेथीच्या भावाचा मला पूर्वीसारखा वैताग आला नाही. काकांना एकच धास्ती असायची, की बोलता बोलता काकूंचा सेल संपेल.

एका पाडव्याला त्यांचा मुलगा विनायक मस्कतहून आला. आईसाठी त्याने चार पेन्सिल सेल आणि ते भरायची विजेवरची पेटी आणली. संपले की फेकायचे नाहीत, पेटीत ठेवून पुन्हा भरायचे. तो परत गेल्यावर काकांनी चष्मा लावून सेलावरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचली.

"निकेल मेटल हायड्राइड. सोनपेठकर, तुमी सायन्सचे. कसा असतो ह्यो?"

मला माहीत नव्हतं. आमच्या पुस्तकात तो नव्हता, आणि आमच्या घरात तर पुस्तकच पहिल्यांदा माझ्यामुळे आलेलं.

"नाव लांब हाय. मोठ्या घरचा दिसतोय," काका म्हणाले. "पन नवा मुलाजिम एकदम वरच्या जागेवर घेता येत न्हाई. आधी हलक्या कामावर बघू."

विनायकने आईच्या कानासाठी आणलेला सेल अशा रीतीने घड्याळात नेमला गेला. उरलेले तीन भरून डबीत ठेवले. ते प्रतीक्षा यादीवर.

परभणीचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक असेल. भिंतीला हात लावला तर हात मागे घ्यावा लागतो. मृग लागायच्या सुमाराला घड्याळ बंद पडलं. काकांनी बल्ब लावून पाहिला. त्यात काहीच नव्हतं. त्यांनी डबीतला दुसरा काढला. त्याचा बल्ब नुसता लालसर झाला आणि विझला. तिसरा तसाच. चौथाही.

"हे बघा!" काकांचा आवाज चढला. "घड्याळातला एक वेळ सोडा. हे तिघं कामावर गेलेच न्हाईत, अन् थकलेत! घरी बसून थकलेत!" काकूंकडे वळून ते ओरडले, "गोपनीय अहवालात शेरा मारतो. काम शून्य, भूक दांडगी!"

चारही सेल निलंबित झाले.

मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या सरांना विचारलं. सरांशी स्वतःहून बोलायची ती माझी पहिलीच वेळ होती. त्यांनी मला खुर्ची दिली, याचंच मला दडपण आलं. घरी येताना मी रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होतो. ज्यांच्या घरी राहतो त्या वडीलधाऱ्या माणसाला 'तुमचं चुकलं' कसं म्हणायचं, ते मला येत नव्हतं.

"काका, रागावू नका," मी म्हणालो. "सर म्हणाले, हा सेल नुसता ठेवला तरी आपोआप रिकामा होतो. उन्हाळ्यात तर फारच लवकर. घड्याळाला वर्षभर थोडं थोडं पुरवणारा साधा सेलच बरा. हा रोज वापरायचा, रोज भरायचा, अशा कामाचा आहे. तसा वापरला तर कैक वेळा भरता येतो."

काकांनी बल्बाच्या तारा बोटाला गुंडाळल्या.

"म्हंजे बसवून ठेवला की मरतो."

"हो."

"आन् राबवला की जगतो."

"हो."

"काय म्हनतोय पोरगा?" काकूंनी विचारलं. काकांनी सगळं मोठ्याने परत सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "मग तुमच्याच वळनाचा हाय की! घरी बसवल्यापास्नं तुमी बी कुठं धड हायेत? लोकांच्या घड्याळात हात घालायलाव."

काका ओशाळले, पण चूक मान्य करूनही पुढची नेमणूक त्यांच्याच्याने होईना. रोज राबायची जागा घरात एकच होती आणि तिथे या सेलावर विश्वास टाकायला ते धजत नव्हते. शेवटी भरलेला सेल त्यांच्या हातातून काकूंनीच घेतला.

"द्या इकडं. माझा कान हाय, तुमचं दफ्तर न्हाई."

सेल बसला. चांगला बसला. दोन सेलांच्या पाळ्या लागल्या, एक काकूंच्या गळ्यात, दुसरा भरायच्या पेटीत; उरलेले दोन निलंबितच राहिले. पेटीवर लाल दिवा लागलेला असला, की काका जाता येता त्याच्याकडे कौतुकाने बघायचे. बाजारातून सेल आणणं बंद झालं. कानाकडून घड्याळाला मिळणारे जुने सेलही त्यामुळे बंद झाले आणि घड्याळ थांबलं ते थांबलंच. नवा सेल घड्याळात घालणं काकांच्या तत्त्वात बसत नव्हतं. वेळ बघायला ते माझ्या खोलीत यायचे.

तक्रार एकच होती. साधा सेल मरायच्या आधी दोन दिवस आवाज बारीक करून कळवायचा. हा तसा नव्हता. शेवटपर्यंत खणखणीत चालायचा आणि अचानक गप्प व्हायचा. काका सांगत असायचे, साप कणगीखाली शिरला, आणि नेमक्या तेव्हा काकू छातीवरची पेटी बोटाने वाजवून दाखवायच्या. "नोटीस न देता राजीनामा!" असं पुटपुटत काका सेल बदलायला उठायचे. बदलून आल्यावर साप पुन्हा पहिल्यापासून.

पुढच्या थंडीतली गोष्ट. विद्यापीठाच्या नामांतरावरून त्या दिवशी शहरात बंद होता. कॉलेज नाही, दुकानं नाहीत, रस्त्यावर एसटी नाही. आदल्या दिवसापासून लाईटही गेलेली होती. दुपारी काकूंच्या गळ्यातला सेल संपला आणि भरायच्या पेटीतला तर भरलेलाच नव्हता. "दोन्ही मुलाजिम उपाशी," काका मला म्हणाले. "आज दफ्तर बंद."

संध्याकाळी मी हापशावरून पाण्याची घागर भरून मागच्या दाराने आलो. ओसरीवर कंदील होता. दोघं नेहमीच्या जागी बसलेले होते. काकूंनी यंत्र काढून कोनाड्यात ठेवलं होतं आणि त्या वाती वळत होत्या. काका बोलत होते, पण हळू. त्यांना हळू बोलताना मी कधी ऐकलंच नव्हतं, म्हणून माझे पाय थांबले.

"गफूरच्या बायकोला दमा, म्हनून त्याला परभणीला घातलं. कोनाची आई आजारी, त्याला गावाजवळ घातलं. तुझे कान वाहायचे. परभणीला कानाचा डाक्टर हाय, तिकडं चला, असं तू माझ्या आईकडून सांगून पाठवलीस. मी ऐकलो होतो." ते थांबले. "माझा कागद मीच कसा लिहावा, लोक काय म्हनतील, ह्याचीच मला लाज. एक कागद होता. तेवढा लिहिलो असतो, तर तुझे कान राह्यले असते."

काकू वाती वळतच होत्या.

तेवढ्यात लाईट आली. ओसरीवरचा दिवा लागला. काका दचकून गप्प झाले. काकूंनी मान वर केली आणि उजेडात त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"काय म्हनलाव?"

काका एकदम नेहमीच्या आवाजात ओरडले, "काही न्हाई! लाईट आली म्हनलो!" आणि बोटाने दिवा दाखवला.

"लाईट नव्हती तवापास्नं बोलायलाव तुमी," काकू म्हणाल्या.

काकूंनी वातींचं ताट बाजूला ठेवलं, कोनाड्यातून यंत्र घेतलं, त्यातला सेल काढून भरायच्या पेटीत ठेवला. लाल दिवा लागला. त्या पेटीजवळ पाट ओढून तिथेच बसल्या.

"ह्यो भरू द्या. मग सांगा."

काकांनी हाताने खूण केली, की पुष्कळ वेळ लागेल, पार सकाळ होईल.

"कशाला सकाळ? जरासा भरला तरी बास," काकू म्हणाल्या. "तुमी बोललाव ते काही लय मोठं नव्हतं."

मी घागर आवाज न करता खाली ठेवली आणि आल्या वाटेने मागच्या दारातून बाहेर पडलो. जाताना एकदा वळून पाहिलं. अर्धवट भरलेला सेल पेटीतून काढायला काका कधी कोणाला देत नसत. त्या रात्री मात्र ते काकूंच्या समोर येऊन, मांडी घालून बसले होते.